चौथे दशांशस्थळ

एखादा मनुष्य कोणत्या विद्येत निष्णात आहे याचा सुगावा शेजाऱ्यापाजाऱ्यांस लागणे, हे त्या मनुष्याच्या प्रपंचास सहसा हितावह ठरत नाही. वैद्यबुवांना मुंजीच्या पंगतीत, एका हाती मठ्ठ्याची वाटी तोलीत, दुसऱ्या हाताने यजमानांच्या मामेसासऱ्यांची नाडी पाहावी लागते. वकिलाला सकाळच्या फिरण्यातही भाऊबंदकीच्या वाटणीची कैफियत शेवटपर्यंत ऐकून घ्यावी लागते. तथापि या दोघांच्याही भाग्याचा मला नेहमी हेवा वाटत आला, कारण माझ्या वाट्याला आल्या त्या बाटल्या. चौतीस वर्षे मी एका विद्यापीठाच्या रसायन विभागात पृथक्करण-रसायन शिकविले. पुढे त्याच विषयाला 'वैश्लेषिक रसायनशास्त्र' असे भारदस्त नामाभिधान प्राप्त झाले, आणि पगार तोच राहिला तरी उच्चाराला अधिक श्रम पडू लागले. पदार्थात काय आहे आणि ते किती आहे, या दोन प्रश्नांपलीकडे या शास्त्राला तिसरा प्रश्न नाही. 'ते तसे का आहे' हे पुसणारे भौतिक-रसायनवाले आणि 'त्याचे आणखी काय करता येईल' हे पुसणारे सेंद्रियवाले वरच्या मजल्यांवर बसत; आम्ही तळमजल्यावर, मोरीच्या नळांच्या सान्निध्यात.

विहिरीचे पाणी, महाबळेश्वरहून आणलेला मध, काश्मीरचे म्हणून कोणीतरी गळ्यात मारलेले केशर, गवळ्याने घातलेल्या संशयित दुधाची अर्धी वाटी, असे नानाविध जिन्नस घेऊन लोक माझ्या दारी येत, आणि त्या सर्वांचा प्रश्न एकच असे: "मास्तर, एवढं जरा तुमच्या नळीत घालून सांगा, चांगलं आहे ना?" या 'ना'मध्ये अपेक्षित उत्तर आधीच ठेवलेले असे, आणि त्यावर मी केवळ शिक्कामोर्तब करावे एवढीच मागणी असे. मी मात्र माझ्या शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे 'शेकडा इतके, अधिक-उणे इतके' असे उत्तर देई. आणि 'अधिक-उणे' हे शब्द कानी पडताच समोरच्याच्या मुद्रेवर एक प्रकारची दया उमटे. "म्हणजे तुमचंही नक्की नाही तर!" असे म्हणून तो आपली बाटली उचलून चालता होई.

या बाटल्यांतील एक मात्र शेजारची नव्हती. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीस माझ्या सासुरवाडीहून साजूक तुपाचा एक डबा आला, आणि त्याच सुमारास मी वर्गात बोदूँची चाचणी शिकवीत असल्याने, निव्वळ अध्यापकी उत्साहाच्या भरात, त्यातले चमचाभर तूप मी प्रयोगशाळेत नेले. या चाचणीमागचा सरकारी कावा मोठा रसिक आहे. साजूक तुपात वनस्पती तूप मिसळले तर ते सहजासहजी ओळखू येत नाही. म्हणून कायद्याने कारखानदारांवर अशी सक्ती केली की वनस्पती तुपात शेकडा पाच तरी तिळाचे तेल घातलेच पाहिजे, कारण तिळाच्या तेलात असा एक घटक असतो की, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युराल यांच्यासह ते खळखळून हलविले असता आम्लाचा थर लालबुंद होतो. म्हणजे चोराने घरफोडीस निघताना आपल्या नावाची पाटी खिशात बाळगावी, अशा धर्तीची ही तजवीज. माझ्या नळीतला थर लाल झाला. मी प्रयोग पुन्हा केला. या वेळी तो अधिकच लाल झाल्याचा मला भास झाला. सायंकाळी हे वर्तमान मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून, जितक्या मृदू शब्दांत सांगता येईल तितक्या मृदू शब्दांत, निवेदन केले. कुटुंबाने हातातली फोडणी पुरी होऊ दिली, आणि मागे वळूनही न पाहता ती म्हणाली, "तुमच्या नळीतच काहीतरी असेल."

ते तूप आम्ही संक्रांतीपर्यंत खाल्ले. पुढील तीस वर्षांत मी या विषयावरील जाडजूड ग्रंथ पुष्कळ चाळले, परंतु त्या एका वाक्याइतके व्यापक सूत्र मला कोठेही आढळले नाही.

लोकांना रसायनशास्त्राचा प्रत्यय हवा असतो तो डाग काढण्यापुरता. १८९६ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. ते चापेकर बंधूंनी फासले होते हे पुढे उघड झाले, आणि तो डाग नाहीसा करण्याची कामगिरी त्रिभुवनदास गज्जर या रसायनाच्या प्राध्यापकाने बजावली. फासणाऱ्यांची नावे शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. पुसणाऱ्याचे नाव मी दर वर्षी वर्गात विचारीत असे, आणि दर वर्षी ते मलाच सांगावे लागे. याबद्दल माझी तक्रार नाही. मुलांचा न्याय मला बरोबरच वाटतो.

रसायनशाळेत पाऊल टाकणाऱ्याची पहिली ओळख ज्ञानाशी होत नाही, वासाशी होते, आणि या वासाचे उगमस्थान म्हणजे कोपऱ्यातील किपचे उपकरण. डेल्फ्ट गावच्या पेट्रस किप नामक औषधविक्रेत्याने १८४४ च्या सुमारास योजिलेले हे काचेचे त्रिगोलात्मक यंत्र, आतल्या लोखंडाच्या सल्फाइडवर आम्ल चढले की हायड्रोजन सल्फाइड वायू सोडू लागते आणि तोटी बंद केली की आपोआप थांबते, असे पुस्तक सांगे. आमच्या विभागातील किप तोटी बंद केल्यावर थांबत नसे. त्यास आपली सेवा खंडित करणे मान्य नव्हते. या वायूचा वास कुजलेल्या अंड्यासारखा असतो असेही पुस्तक सांगे. परंतु माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी अंडे, ताजे किंवा कुजके, उंबऱ्याच्या आत कधी आलेच नव्हते. त्यांनी हा बोध उलट्या मार्गाने करून घेतला. पुढे नोकरीनिमित्त मुंबईस गेलेल्या माझ्या एका सहाध्यायाने, इराण्याच्या हॉटेलात आयुष्यातले पहिले अंडे नाकाशी नेऊन, "याला सेकंड ग्रुपचा वास येत नाही," अशी निराश तक्रार केली होती. या वायूचा आणखी एक कुटिल गुण असा की त्याचे प्रमाण फार वाढले म्हणजे नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. अशा वेळी विद्यार्थी 'चला, हवा शुद्ध झाली' म्हणून निर्धास्त होत, आणि आमचे प्रयोगशाळा-सेवक, ज्यांना सर्व पिढ्या 'मामा' म्हणत आल्या, ते काही न बोलता धावत जाऊन सगळ्या खिडक्या उघडीत.

अज्ञात क्षारातील मूलके ओळखण्याची ही जी पद्धत, तिची घडी बसविली ती फ्रेझेनिउस या जर्मन पंडिताने, आपल्या १८४१ सालच्या ग्रंथात. आणि ती मला नेहमी आपल्याकडील पंगतींसारखी वाटत आली. पहिल्या पंगतीला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे आमंत्रण जाताच चांदी, शिसे आणि पारा तेवढे खाली बसतात; दुसऱ्या पंगतीला किपच्या वायूचे बोलावणे, त्यात तांबे, बिस्मथ, कॅडमियम, सोमल, अँटिमनी ही मंडळी; आणि असे एकेक पान उठत सर्वांत शेवटी, यजमानीणबाईंबरोबर बसल्याप्रमाणे, मॅग्नेशियम आणि सोडियम-पोटॅशियम उरतात. प्रत्येकाची पोशाखाची तऱ्हा निराळी. कॅडमियमचा साका हळदीसारखा पिवळा, अँटिमनीचा शेंदरी, आणि निकेलच्या द्रावणात डायमिथाइल ग्लायॉक्झिम पडताच जो गुलाबी-लाल रंग खुलतो तो तर पैठणीच्या विणकरानेही हेवा करावा असा. हा रंग पाहून ज्याला आनंद होत नाही त्याने वरच्या मजल्यावर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु विद्यार्थ्याला रंगाचा आनंद घेण्यास फुरसत नसते; त्याला उत्तर हवे असते, आणि उत्तर मामांना ठाऊक असते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी क्षारांच्या बाटल्या भरणे हे मामांचे मामुली काम, आणि त्याच दिवशी त्यांना चहा पाजण्याची विद्यार्थ्यांना एकाएकी इच्छा होणे हाही मामूलच. एके वर्षी मात्र बाहेरगावाहून आलेल्या एक्स्टर्नल परीक्षकांनी, बहुधा आपल्या विद्यार्थिदशेचे स्मरण होऊन, रात्रीच्या रात्री बाटल्यांवरील क्रमांक बदलून टाकले. दुसऱ्या दिवशी तिसांपैकी सत्तावीस विद्यार्थ्यांना, समोर जस्ताचा क्षार असता, त्यात बेरियम सापडले. नुसते सापडले नाही, तर साग्रसंगीत सापडले: ज्योत सफरचंदाच्या सालीसारखी हिरवी झाली, सौम्य गंधकाम्लाने पांढरा साका पडला, तो कोणत्याही आम्लात विरघळला नाही, आणि क्रोमेटने पिवळा साका मिळून मूलकाची खातरजमा झाली, असे सत्तावीस उत्तरपत्रिकांत सत्तावीस सुवाच्य हस्ताक्षरांत नमूद होते. उरलेल्या तिघांनी जस्त बरोबर ओळखले. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की त्यांपैकी दोघे आदल्या दिवशी आजारी होते आणि तिसऱ्याजवळ चहापुरते पैसे नव्हते.

अनुमापनाच्या बाबतीत तर मामांचीही गरज नसे. ब्युरेट आणि पिपेट या दोन नळ्यांना ही नावे गे-ल्यूसाक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२४ साली दिली; त्यातून आमच्याकडे जो विधी रूढ झाला तो असा की, प्रथम एक अंदाजी प्रयोग करून 'पायलट रीडिंग : १० ते ११' असे लिहावयाचे, मग तीन वेळा प्रयोग करून तीन वाचने घ्यावयाची, आणि त्यांवरून 'सी. बी. आर.', म्हणजे ब्युरेटीचे स्थिर वाचन, ठरवावयाचे. कोणत्याही जर्नलाचे कोणतेही पान उघडा: १०.४, १०.४, १०.४. निसर्गात दोन पाने सारखी नसतात, एका घाण्याचे दोन लाडू सारखे नसतात. त्रिवार तंतोतंत सारखे जे काही या सृष्टीत आढळते ते विद्यार्थ्याच्या जर्नलात. याचे रहस्य असे की गतवर्षीच्या जर्नलातून द्रावणाची संहती आधीच ठाऊक असते, आणि तिच्यावरून उलट गणित करून ब्युरेट किती दाखवील हे काढता येते. हे उलट गणित सुलट गणिताहून पुष्कळच अवघड आहे; आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे गणित सुधारले ते केवळ या अप्रामाणिकपणाच्या व्यासंगाने.

आता एक कबुलीजबाब देणे प्राप्त आहे. जो एखादा साधाभोळा मुलगा खरोखरीच तीन वेळा अनुमापन करून १०.२, १०.५ आणि १०.३ अशी वाचने मांडून आणी, त्याच्या जर्नलावर तांबड्या शाईने 'रिपीट' असा शेरा मारणारा हात माझाच असे. पुढच्या आठवड्यात तो १०.४, १०.४, १०.४ घेऊन येई, आणि मी सही करी.

अशा वेळी मला फ्रायबर्गच्या क्लेमेन्स विंकलरची आठवण होऊन थोडीशी लाज वाटे. १८८५ साली सॅक्सनीतील एका चांदीच्या खाणीत एक नवे खनिज निघाले आणि ते पृथक्करणासाठी या प्राध्यापकाकडे आले. त्याने चांदी मोजली, गंधक मोजले, इतर किरकोळ मंडळी मोजली, आणि बेरीज केली ती शेकडा त्र्याण्णवच्या आसपास. पुन्हा केले, तरी तेच. दर वेळी शंभरांतले सुमारे सात कोठे बेपत्ता होत. अनेक महिने हा गृहस्थ त्या हरवलेल्या सातांच्या मागे लागला, आणि १८८६ च्या फेब्रुवारीत त्याच्या हाती जर्मेनियम हे नवे मूलद्रव्य लागले; मेंडेलेयेवने पंधरा वर्षांपूर्वी ज्याची रिकामी जागा कोष्टकात राखून ठेवली होती, तेच हे. विंकलर जर आमच्या विभागात संशोधक विद्यार्थी असता, तर पहिल्या खेपेस मार्गदर्शकांनी त्याला 'साका नीट धुतला नसेल' असे सांगितले असते, दुसऱ्या खेपेस 'मुशीला भेग असेल' असे, आणि तिसऱ्या खेपेस त्याची बेरीज ९९.८७ आली असती. कोष्टकातील ती जागा कदाचित अद्याप रिकामी असती, पण विंकलरची पीएच.डी. वेळेत झाली असती.

तुलागृहाविषयी फार लिहीत नाही. काचेच्या पेटीतला तो तराजू, चिमट्यानेच उचलावयाची ती सोनेरी मुलाम्याची वजने, दांडीवर बसणारा तो तारेचा इवलासा 'रायडर', आणि ग्रॅमचा दशसहस्रांश भाग, म्हणजे चौथे दशांशस्थळ, पकडण्यासाठी श्वास रोखून बसलेला विद्यार्थी, हे दृश्य आता कालबाह्य झाले आहे. तेथे पंखा लावण्याची सक्त मनाई होती, कारण वाऱ्याने तराजू डोले. सबब वैशाखातील प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याचे स्वतःचे वजन मात्र, कोणी मोजले असते तर, पहिल्याच दशांशस्थळी घटलेले दिसले असते.

रंगाच्या गडदपणावरून द्रावणातील पदार्थाचे प्रमाण काढण्याचा जो नियम या शास्त्राचा कणा आहे, त्याचे नाव 'बिअरचा नियम'. माझ्या विद्यार्थिदशेत मुंबई राज्यात कडक दारूबंदी होती, आणि एकदा विभागाच्या पाहणीस आलेल्या समितीतील एक वयोवृद्ध, खादीधारी सभासद फळ्यावरील हे शब्द वाचून दारातच थबकले. आमच्या गुरुजींनी नम्रपणे खुलासा केला की ऑगस्ट बिअर हा जर्मन शास्त्रज्ञ होता, १८५२ साली त्याने हा नियम मांडला, आणि पेयाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सभासद महाशयांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण मुलांच्या मनावर परिणाम होतो. दुसरं काही नाव नाही का?" गुरुजींनी तत्काळ फळा पुसून 'लँबर्टचा नियम' असे लिहिले, आणि त्या वर्षी आम्ही परीक्षेतही तसेच लिहिले. वस्तुतः प्रकाशशोषणाची मूळ कल्पना लँबर्टच्याही आधी, १७२९ साली, बूगे या फ्रेंचाने मांडली होती. पण त्याच्या नावाचा उच्चार आमच्या विभागात कोणासच येत नसल्याने त्याचा विचार झाला नाही.

संशोधनाकडे वळतो. आमच्या विभागातील संशोधनाची प्रेरणा, माझ्या अल्प मतीप्रमाणे, भास्कराचार्यांच्या लीलावतीतील अंकपाशाच्या प्रकरणात आहे. धातू वीस घ्या: पॅलेडियम, निकेल, कोबाल्ट, तांबे इत्यादी. त्यांच्याशी संयोग पावून रंग देणारे अभिकर्मक तीस घ्या. ते वरच्या मजल्यावरील सेंद्रियवाले, कोणी न मागताही, तयार करून देतात. झाले सहाशे प्रबंध. त्यात निष्कर्षणासाठी द्रावक बदलण्याची सवलत धरली, कोठे क्लोरोफॉर्म, कोठे टोल्युइन, तर विभागाच्या कित्येक पिढ्यांची बेगमी होते. प्रत्येक प्रबंधाच्या शीर्षकात पद्धत 'सुलभ, शीघ्र, संवेदनक्षम आणि निवडक' असल्याचे म्हटलेले असते; या शीघ्र पद्धतीस सामान्यतः सहा वर्षे लागतात. शेवटी एक कोष्टक असते, ज्यात पूर्वसूरींच्या सर्व पद्धती आणि त्यांचे दोष ओळीने दिलेले असतात, आणि तळाशी 'प्रस्तुत पद्धत', जिच्यापुढे दोषांचा रकाना कोरा. पुढच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात हीच प्रस्तुत पद्धत चार ओळी वर सरकलेली असते आणि तिच्या रकान्यात दोष भरलेला असतो.

पण या सर्वांचा कळस म्हणजे 'वास्तविक नमुन्यांवरील उपयोजन'. पद्धत जर पॅलेडियमची असेल, तर पॅलेडियम कोठे शोधावयाचे? विद्यापीठामागच्या ओढ्याचे पाणी आणावयाचे. त्यात पॅलेडियम नसते, हे ओढ्याकाठच्या म्हशींनाही ठाऊक. म्हणून ते आपणच मोजून घालावयाचे, मग आपल्याच पद्धतीने आपणच शोधावयाचे, आणि 'शेकडा ९९.६ प्राप्ती' अशी समाधानाने नोंद करावयाची. स्वतः रात्री परसात हंडा पुरावा आणि सकाळी गुप्तधन सापडल्याची दवंडी पिटावी, असा हा व्यवहार; तथापि त्यातील चार दशांश टक्के धन एका रात्रीत कोठे गेले, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श याने १९५५ साली सिद्ध केलेल्या तत्त्वावर चालणारे अणुशोषणमापक आमच्या विभागात आले ते पुष्कळ वर्षांनी. ते आले तेव्हा खोली तयार नव्हती. खोली झाली तेव्हा वीजजोडणीची मंजुरी नव्हती. मंजुरी आली तेव्हा धुराड्याचे टेंडर तहकूब झाले होते. आणि यथावकाश जेव्हा पेटी उघडण्यात आली, तेव्हा आत मिळालेल्या हमीपत्राची मुदत तीन महिन्यांपूर्वी संपलेली होती. तरी यंत्र चालले. मामांनी नारळ फोडला, खंडेनवमीला झेंडूची माळ घातली, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी कळ दाबण्यापूर्वी यंत्राला हळदकुंकू वाहण्याचा नेम सुरू केला. दत्ताचा वार म्हणून गुरुवारी ते अंमळ सढळ हाताने वाहत.

त्याच यंत्रावर एक विद्यार्थिनी विहिरींच्या पाण्यातील शिसे मोजीत होती. पाणी मोजण्यापूर्वी काहीही न घातलेले शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी मोजावयाचे असते. त्यास 'ब्लँक' म्हणतात, आणि त्याने शून्य दाखवावे अशी अपेक्षा असते. तिच्या ब्लँकमध्ये शिसे येऊ लागले. तिने आम्ल बदलले, काचपात्रे नत्राम्लात बुडवून ठेवली, गाळणकागद बदलला. शिसे येतच राहिले. ती माझ्याकडे आली तेव्हा मी टिपणे तपाशीत होतो, आणि माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते ऐकून मीच दचकलो: "तुझ्या नळीतच काहीतरी असेल." ती तीन महिने काही बोलली नाही. नंतर एका सायंकाळी तिने माझ्यापुढे एक आलेख ठेवला: आडव्या अक्षावर वार, उभ्या अक्षावर ब्लँकमधील शिसे. सकाळी अधिक, दुपारनंतर कमी. आणि दर गुरुवारी एक टोकदार शिखर. मी तिला म्हटले की धातू उपासतापास पाळीत नाहीत. तिने उत्तरादाखल एक पुडी उघडली. तीत मामांच्या करंड्यातील बाजारी कुंकू होते, आणि त्याचे पृथक्करण तिने केले होते. कुंकवात शिसे होते. यंत्रावर वाहिलेले कुंकू बाजूच्या फळीवर उपड्या न ठेवलेल्या चंचुपात्रांत उडत होते.

दुसऱ्या दिवसापासून मामा यंत्राला नुसते फूल वाहू लागले. आपली भक्ती तीन दशांशस्थळांपर्यंत मोजली गेली याचे त्यांना वाईट न वाटता उलट अप्रूपच वाटले. त्या आलेखाइतके अस्सल पृथक्करण माझ्या कारकिर्दीत त्या इमारतीत दुसरे झाले नाही. प्रबंधात त्याचा उल्लेख 'ब्लँकच्या बाबतीत योग्य ती खबरदारी घेण्यात आली' एवढ्या एका ओळीत आहे. तो आलेख घालावा असे तिला वाटत होते; परीक्षकांना ते गंभीर वाटणार नाही, असे मीच तिला सांगितले.

याच पाण्याचे नमुने आम्ही पडताळ्यासाठी आणखी चार प्रयोगशाळांकडे पाठविले, आणि चार निरनिराळे आकडे आले. यात विशेष काही नव्हते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील विल्यम हॉर्विट्झ यांनी १९८० साली, असंख्य प्रयोगशाळांचे आकडे शेजारी शेजारी मांडून, दाखवून दिले होते की पदार्थ जितका सूक्ष्म तितकी प्रयोगशाळांतील तफावत मोठी. दहा लाखांत एक भाग मोजावयाचा तर शेकडा सोळा, अब्जांत एक तर शेकडा पंचेचाळीस. हा आलेख कर्ण्याच्या तोंडासारखा पसरत जातो म्हणून त्याला त्यांचा कर्णाच म्हणतात. मी तो कर्णा घेऊन ज्या अंमलदाराला अहवाल द्यावयाचा होता त्याच्याकडे गेलो. त्याने शांतपणे विचारले, "पाचांपैकी नियमात बसणारा आकडा कोणता?" मी सांगितला. तो त्याने लिहून घेतला.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी डेड स्टॉकची पडताळणी निघाली. लेखापरीक्षक हे मृदुभाषी, पानाचा डबा बाळगणारे गृहस्थ होते. त्यांनी मोडके स्टँड, तडकलेले किप, सन कोणास ठाऊक कधीचे पितळी वजनांचे संच, सर्व बिनतक्रार रुजू करून घेतले, आणि शेवटी दुहेरी कुलपाच्या कपाटातून प्लॅटिनमची मूस बाहेर काढण्यास सांगितले. खरेदीच्या वेळी आमच्या गुरुजींनी स्वहस्ते नोंदविलेले तिचे वजन दप्तरात होते: २४.३१७२ ग्रॅम. मी मूस तराजूत ठेवली. २४.२७९१ भरली.

"तूट," लेखापरीक्षक म्हणाले.

मी समजावून सांगितले की मूस वर्षानुवर्षे लालबुंद तापविली जाते, तीत बायसल्फेट वितळवून घासली जाते, बारीक वाळूने स्वच्छ केली जाते; त्यात अडतीस मिलिग्रॅम प्लॅटिनम जाणे स्वाभाविक आहे.

"जाणे म्हणजे?"

"काही धुपलं, काही उडालं."

"उडण्यास मंजुरी घेतली होती?"

मी गप्प राहिलो. त्यांनी पुन्हा वजन करण्यास सांगितले. २४.२७९०. त्यांची लेखणी थांबली. "पाहा, दोन मिनिटांत आणखी कमी झालं." मी तिसऱ्यांदा केले. २४.२७९२. "आणि आता वाढलं?" ते म्हणाले. "यांतलं खरं कुठलं?" मी म्हणालो, तिन्ही खरी, चौथ्या दशांशस्थळी अधिक-उणे एकदोन एवढे चालायचेच. 'अधिक-उणे' हे शब्द ऐकताच त्यांच्या मुद्रेवर ती जुनी, परिचित दया उमटली. "साहेब," ते अत्यंत आपुलकीने म्हणाले, "तुमच्या तराजूतच काहीतरी असेल."

मग त्यांनी पानाचा डबा बंद केला, नोंदवही आपल्याकडे ओढली, आणि आपल्या वळणदार अक्षरात दोन रकाने भरले. खरेदीवेळचे वजन, एका दशांशस्थळापर्यंत: २४.३. आजचे वजन, एका दशांशस्थळापर्यंत: २४.३. तूट: निरंक. वही त्यांनी माझ्यापुढे सरकविली. खिशात हात घातला तेव्हा जर्नले तपासण्याचे तांबड्या शाईचे पेन हाती आले, आणि त्याच पेनाने मी सही केली.

"तांबडी शाई फक्त आम्हाला," लेखापरीक्षक म्हणाले, आणि त्यांनी आपले निळे पेन पुढे केले. मी ती सही खोडून पुन्हा केली.